पांढरं आधी राखायचं

"आई, तुझं चित्र तू काढ ना! माझ्यात कशाला हात घालतेस?"

लेक असं म्हणाली आणि माझ्या हातातला ब्रश हातातच राहिला.

मैत्रिणींनो, गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. माझी थोरली तेव्हा सातवीत होती आणि एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायची होती. ज्यांची मुलं या वयाची आहेत त्यांना हे सारं पाठच असेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. पुढं इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळं या परीक्षेचा अभ्यास मुलांपेक्षा आयाच जास्त करतात. मी तर काय, त्यात पहिला नंबर!

जेवणाच्या टेबलावर तिनं एक तांब्या, दोन कांदे आणि घडी घातलेला पंचा असं मांडून वस्तुचित्र काढायला घेतलं होतं. तांब्याचा एक गाल जरा फुगला होता. मी आधी खोडरबर घेतला, मग पेन्सिल घेतली, मग "अगं बघ, सावली अशी द्यायची" म्हणत ब्रशही घेतला. अर्ध्या तासानं कागदावर तांब्या छान उतरला होता, पण तो माझा होता. तिचं त्यात काही उरलंच नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती तरातरा आत निघून गेली.

खरं सांगते, आधी मला तिचाच राग आला. "एवढं मरमर शिकवायचं आणि वर उलट उत्तरं!" असं पुटपुटत मी भांडी घासली. पण रात्री अंथरुणावर पडले आणि तिचं वाक्य काही कानातून जाईना. तुझं चित्र तू काढ ना. मुलीनं रागानं का होईना, पण मला कधी कुणी सांगितली नव्हती ती गोष्ट सांगितली होती.

मी शाळेत असताना या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड आली, तेव्हा आमच्या ड्रॉइंगच्या बाईंनी वडिलांना मुद्दाम शाळेत बोलावून घेतलं आणि "हिला पुढं चित्रकलेलाच घाला" म्हणून सांगितलं. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बाईंनी मागवलेला चहा घेतला आणि मला घातलं बी.ए.ला! त्यांचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही. घरात आम्ही तिघी बहिणी, पगार एकाचा. चित्रं काढून पोरगी काय खाणार, ही काळजी त्यांना वाटली तर नवल नाही. बी.ए. झाले, बी.एड. राहिलं, लग्न झालं, सांगलीतल्याच एका घरातून दुसऱ्या घरात आले. आता एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते.

"लग्नानंतर माझी चित्रकला सुटली हो," असं मी पंधरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते. त्या रात्री मात्र मनाशी हिशेब मांडला आणि लक्षात आलं, सुटली कुठं होती? शाळेच्या फळ्यावर सुविचाराभोवतीची वेलबुट्टी कोण काढतं? मी. धाकट्या दिरांच्या लग्नात रुखवतावरची अक्षरं कुणी काढली? मी. मुलांच्या प्रकल्पवहीतलं जलचक्र, हृदयाची आकृती, गणपतीच्या आराशीतले डोंगर, दिवाळीची दारातली रांगोळी, सोसायटीच्या हळदीकुंकवाचा फलक, उश्यांच्या अभ्र्यांवरची फॅब्रिक पेंटची फुलं, सगळी माझीच. हात काही थांबलेला नव्हता. तो फक्त सतत दुसऱ्याच्या कामाला जुंपलेला होता. मनात आलं म्हणून काढलं, कुणाच्याही उपयोगाचं नाही, असं एकसुद्धा चित्र त्या पंधरा वर्षांत निघालं नव्हतं. मग सापडला लेकीचा तांब्या, आणि मी त्याच्यावर झडप घातली!

दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले.

माळ्यावर माझी कॉलेजातली रंगांची पेटी होती. ती तिथं कशी आली तेही सांगायला हवं. माझं माहेर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आमच्या त्या जुन्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं. माझ्या चित्रांची फाइल खालच्या फडताळात होती. पाणी उतरल्यावर चिखल काढायला आम्ही सगळ्या बहिणी गेलो, तेव्हा त्या फाइलचा नुसता लगदा झालेला. पाण्यानं रंगवलेली चित्रं पाण्यानंच नेली. आई हळहळली, पण मला तेव्हा हळहळायलाही सवड नव्हती. धान्याचे डबे, गाद्या, वडिलांची कागदपत्रं, एक का गोष्ट होती! रंगांची पेटी तेवढी माळ्यावर होती म्हणून वाचली. ती आईनं माझ्या पिशवीत घातली आणि मी ती आणून आमच्या माळ्यावर टाकून दिली. एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर, झालं!

पेटी उघडली तर ट्यूबमधल्या रंगांचे खडे झालेले. दाबून दाबून बोटं दुखली, पण रंग काही बाहेर येईना. पोस्टर कलरच्या बाटल्यांना तर बुरशीच धरली होती, त्या टाकल्या. हिरमुसून मी आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "बाई, जलरंग आहेत ना? मग ते मेलेले नाहीत, नुसते वाळलेत." जलरंगात रंगाची पूड डिंकात खललेली असते, आणि डिंक तर पाणी लागलं की पुन्हा मऊ होतो, हे आपण डिंकाच्या लाडवांच्या निमित्तानं कितीदा पाहिलेलं! सरांनी सांगितल्याप्रमाणे ट्यूबा कात्रीनं उभ्या चिरल्या, खडे जुन्या प्लॅस्टिकच्या डबीच्या खणांत मांडले, वर चार-चार थेंब पाणी सोडून रात्रभर झाकून ठेवले. सकाळी ब्रश फिरवला, तर बारापैकी दहा रंग उठले. मोठा आनंद झाला, काय सांगू!

आनंद टिकला मात्र दुपारपर्यंतच. पहिलं चित्र काढलं टोमॅटोचं. टोमॅटो कसला, जत्रेतला लाल फुगा! दुसरं काढलं लिंबाचं, ते बटाट्यासारखं आलं. मुश्कील अशी होती की माझी नजर अजून 'ए' ग्रेडची होती आणि हात मात्र पहिलीतल्या मुलाचा झाला होता. काय चुकलंय ते ढळढळीत दिसायचं, पण दुरुस्त करता यायचं नाही. मी ती चित्रं रद्दीच्या गठ्ठ्यात मधोमध दडवून ठेवली. जुन्या फाइलची आठवण मला तेव्हा प्रथम आली आणि थोडंसं बरंही वाटलं, की तुलना करायला ती आता नाही!

आपल्यापैकी किती तरी जणी इथंच थांबतात, असं मला वाटतं. गाणं म्हणणारीचा सूर लागत नाही, पेटी वाजवणारीची बोटं अडखळतात, आणि मग "छे, आता काही जमायचं नाही" म्हणून पेटी बंद. पण पंधरा वर्षांनी पोळपाटाशी उभी राहिलेली बाई पहिल्याच दिवशी गोल पोळी लाटेल का? मग ब्रशाकडूनच ती अपेक्षा का? मी स्वतःला बजावलं, की पहिली वीस चित्रं वाईटच येणार आहेत, ती काढून टाकायची. वाईट चित्र काढण्याची मुभा स्वतःला दिली आणि हात जरा सैल सुटला.

खरी अडचण पुढंच होती. वेळ! सुरुवातीला मी ठरवलं, सगळं आवरल्यावर रात्री बसायचं. पण आपलं सगळं कधी आवरतं का? भांडी झाली की विरजण, विरजण झालं की उद्याची भाजी, ती झाली की वह्यांचा गठ्ठा. साडेदहाला बसले तर डोळे मिटायचे, आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात लावलेला रंग सकाळी भलताच दिसायचा. मग ठरवलं, रविवारी बसू. रविवारी पाहुणे! असे दोन महिने गेले आणि चित्रं झाली तीन.

त्याच सुमारास सुनयनी देवींबद्दल वाचलं. कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यातल्या या बाई, जन्म १८७५ चा. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ या दोन नामवंत चित्रकारांची ही बहीण. हिला मात्र चित्रकलेचं रीतसर शिक्षण मिळालं नाही. घरसंसार सांभाळत, वयाच्या तिशीला आल्यावर तिनं आपल्या आपण रंगवायला सुरुवात केली, आणि आज भारतीय चित्रकलेच्या इतिहासात भावांच्या जोडीनं तिचं नाव घेतात. आता ठाकूरांच्या घरी नोकरचाकर होते आणि आपल्याकडे नाहीत, हे मलाही कळतं. पण तिशी उलटल्यावर रंगांना हात घालणारी आपण काही जगावेगळी नाही, एवढा धीर तरी त्यातून आला.

मग मी एक केलं. आठवड्याचे सगळे दिवस कागदावर लिहिले, आणि कामं मांडायच्या आधीच मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी अडीच ते पावणेचार, या दोन जागांवर रेघ मारून ठेवली. सासूबाई तेव्हा झोपलेल्या असतात, मुलं शाळेत, हे ऑफिसात. त्या वेळात मी पूर्वी रिकामी बसत होते असं मुळीच नाही. इस्त्री, निवडणं-टिपणं, वह्या, सगळं तेव्हाच चालायचं. म्हणजे काही तरी सोडणं भाग होतं. मी उश्यांच्या अभ्र्यांना आणि चादरींना इस्त्री करणं सोडून दिलं. दोन वर्षं झाली, आजवर घरातल्या एकाच्याही ते लक्षात आलेलं नाही!

दुसरी गोष्ट जागेची. जेवणाच्या टेबलावर बसलं की आधी आवरा, मांडा, पुन्हा उचला, यातच अर्धा वेळ जातो. माझं शिवणाचं मशीन मागच्या खोलीत खिडकीशी आहे. त्याचं डोकं आत मिटवलं की वर छान फळी होते. ती मी रंगांना दिली आणि घरात जाहीर केलं, की इथलं कुणी काही उचलायचं नाही आणि इथं कुणी काही ठेवायचंही नाही. चाव्या, मोबाइलचा चार्जर, दुधाची बिलं, काही म्हणजे काही नाही! चार दिवस सगळ्यांनी विसरून ठेवलं, मी चार दिवस न बोलता उचलून जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पाचव्या दिवसापासून बंद झालं.

आता कुणाला वाटेल, घरातले सगळे लगेच कौतुक करू लागले असतील. तसं काही झालं नाही.

एका शुक्रवारी मी वांगी काढायला घेतली. आमच्याकडची कृष्णाकाठची वांगी म्हणजे काय विचारता! काटेरी देठ, अंगावर जांभळी चमक. चित्र अर्धवट राहिलं म्हणून मी संध्याकाळी ती वांगी चिरायची ठेवली आणि पिठलं टाकलं. हे ताटावर बसले, पिठल्याकडं पाहिलं, खिडकीतल्या वांग्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "आज भरली वांगी चित्रातच खायची का?" मुलं हसली, मीही हसले. ती थट्टाच होती, लागली नाही.

लागलं ते दुसरंच. एका मंगळवारी सासूबाईंच्या मावसबहीण अचानक आल्या. दार सासूबाईंनीच उघडलं. "सूनबाई नाही का घरात?" असं त्यांनी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आहे की. रंग खेळत बसलीय आत." खेळत! कुकरची शिट्टी विसरले असते आणि बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. पण त्या एका शब्दानं मला अगदी कानकोंडं करून टाकलं. उठले, हात धुतले, पोहे केले, चहा केला, हसून बोलले, आणि पाहुण्या गेल्यावर रंगांची डबी बंद करून ठेवली. तीन आठवडे उघडली नाही. त्या वेळात पुन्हा चादरींना इस्त्री करू लागले. इतकी घट्ट इस्त्री मी जन्मात केली नव्हती!

चौथ्या मंगळवारी सासूबाई झोपून उठल्या, मागच्या खोलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "आज मंगळवार ना गं? बसली नाहीस?"

मी तुटकपणे म्हटलं, "काय, खेळायला?"

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग तिथंच कॉटवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी सहज बोलले ते. तू एवढं मनाला लावून घेतलंस? आणि खेळत म्हटलं म्हणून काय झालं? आम्हांला तर या घरात खेळसुद्धा नाही मिळाला गं कधी."

मला काय बोलावं ते कळेना. सोळा माणसांच्या घरात विसाव्या वर्षी आलेल्या या बाई. त्यांच्या हातचा एक कशिद्याचा रुमाल मी ट्रंकेत पाहिला होता. लग्नाआधीचा, अर्ध्यातच सोडलेला, टोचलेली सुई तशीच गंजलेली. तो पुढं का पूर्ण झाला नाही, हे मी पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. माझ्यावर अन्याय झाला म्हणून मी तीन आठवडे फुगून बसले होते, आणि त्यांच्या बोलण्यात तर मला कमी लेखणं नव्हतंच, असलाच तर थोडा हेवा होता.

मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि रंगांची डबी उघडली. त्या दिवशी चार वाजताचा चहा त्यांनी केला. कप मशीनच्या फळीवर ठेवताना एवढंच म्हणाल्या, "ब्रश चहात बुडवशील, सांभाळ." आणि मी तो बुडवलाच! दोघी किती वेळ हसत होतो.

अजून एक चूक सांगून टाकते, कारण ती तुमच्याकडूनही व्हायची शक्यता आहे. चित्रं जरा बरी येऊ लागली तसे हे म्हणाले, "एवढं करतेसच, तर दिवाळीला भेटकार्डं कर की. आमच्या ऑफिसातले घेतील." त्यांच्या मनात कौतुकच होतं, आणि मीही हुरळले. पन्नास कार्डांची मागणी आली, तीस रुपयांना एक. पन्नास कार्डं म्हणजे पन्नास पणत्या, सगळ्या एकसारख्या, कारण एकीला निळी आणि दुसरीला हिरवी दिली तर "मला ती का नाही" असं होणार! तीन आठवडे मी मंगळवार-शुक्रवारच काय, पहाटेसुद्धा पणत्या काढत होते. फराळ बाहेरून आणला, लेकीला दोनदा उगाच रागावले. पंधराशे रुपये आले, त्यांतून मिक्सरचं नवं भांडं आणलं. पण दिवाळीनंतर जी डबी बंद झाली, ती थेट संक्रांतीलाच उघडली. रंग दिसले की अंगावर काटा यायचा.

पैशाला नाक मुरडायचं नाही मला. तासिकेवर काम करणारीला पंधराशे रुपयांची किंमत चांगली ठाऊक असते. ज्या मैत्रिणीला यातून चार पैसे मिळवायचे आहेत, तिनं जरूर मिळवावेत, पण तो मग धंदा आहे असं समजून त्याला वेगळी वेळ द्यावी. मंगळवार-शुक्रवार त्यात घालू नयेत. आपल्या प्रत्येक गुणाचा घराला काही तरी उपयोग झालाच पाहिजे, अशी सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली असते, की बिनउपयोगाचा तासभर आपल्यालाच चोरीचा वाटतो. इतर कुणी बोलायच्या आधी आपणच आपल्याला बोल लावतो.

आता ज्यांना खरोखरीच डबी उघडायची आहे, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी.

रंग थोडेच घ्या. लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना आणि सॅप ग्रीन, एवढ्यात बहुतेक सारं भागतं. क्रिमसनमध्ये अल्ट्रामरीन मिसळलं की वांग्याचा जांभळा मिळतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की सावलीचा सुरेख करडा, म्हणून काळ्या ट्यूबची गरजच पडत नाही. आपली लहानपणची कॅमलची पेटी असेल तर तीही चालेल, आधी पाणी घालून पाहा.

पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, कागदात नको. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर पाणी पडलं की तो पापडासारखा फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. जलरंगाचा ३०० जीएसएमचा कागद मागा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम असतं तो. २२ बाय ३० इंचाचा पूर्ण ताव आणून त्याचे आठ तुकडे केले, तर साडेसात बाय अकरा इंचाचे आठ कागद होतात. आपल्या तासाभराला तेवढाच आकार पुरे. कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं फळीला चिकटवा आणि पूर्ण वाळल्यावरच पट्टी काढा. मागच्या बाजूलाही काढायला विसरू नका. वाईट चित्रांसाठी ती बाजू फार उपयोगी!

ब्रश दोन पुरेत, एक सहा नंबरचा आणि एक दहा नंबरचा, गोल टोकाचे. पाण्यात उभे करून ठेवू नका, केस वाकतात. काम झालं की अंगाच्या साबणानं धुऊन, टोक बोटांनी सारखं करून आडवे वाळवा. टोक करायला ब्रश तोंडात घालायची सवय लहानपणी लागलेली असते, ती मोडा. काही रंगांत धातूंचे क्षार असतात. याच कारणानं रंगाच्या पाण्याचे पेले वेगळेच ठेवा आणि पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. पेले दोन हवेत, एक ब्रश धुवायला आणि दुसरा स्वच्छ पाण्याचा. सुती पदरावर रंग सांडला तर वाळू देऊ नका, लगेच गार पाण्यात धरा आणि मग साबण लावा. खरं तर जुना गाऊन नाही तर ह्यांचा जुना शर्ट वरून घालणं हाच त्यावर उत्तम उपाय.

आणि पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा हात देऊ नका. पावसाळ्यात तर कागद वाळता वाळत नाही. त्या वेळात बसल्या बसल्या शेंगा सोलल्या तरी चालतात, पण "तोवर जरा कणीक भिजवून येते" म्हणून उठलात, तर त्या दिवशी परत बसणं होत नाही. हे अनुभवाचे बोल आहेत!

शेवटची गोष्ट जलरंगाचीच आहे, पण माझ्या दृष्टीनं तेवढ्यापुरती नाही.

लग्नानंतर आम्ही म्हैसूरला गेलो होतो. तिथल्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात एक चित्र आहे. दिवा हातात घेऊन, त्याला दुसऱ्या हाताचा आडोसा करून उभी असलेली बाई. बोटांच्या फटींतून उजेड पाझरतो आणि तिचा चेहरा उजळतो. 'ग्लो ऑफ होप' म्हणतात त्याला. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचं समजतात, मीही तसंच समजत होते, आणि तैलचित्र समजत होते. पुढं कळलं की ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, चित्रातली बाई म्हणजे त्यांचीच मुलगी आहे, आणि ते सारं जलरंगात आहे!

जलरंगात काम केल्यावर हे किती कठीण असेल ते समजतं. तैलरंगात अंधार आधी रंगवून शेवटी पांढऱ्या रंगानं उजेड वर चढवता येतो. जलरंगाची रीत उलटी. इथं फिक्यापासून गडदाकडं जायचं, आणि जो उजेड असतो तो कोऱ्या कागदाचाच. तो रंगवायचा नसतो, राखायचा असतो. सुरुवातीलाच ठरवावं लागतं की इथं ब्रश न्यायचा नाही. सगळं रंगवून झाल्यावर "आता जरा पांढरं ठेवू या" म्हटलं तर कागदावर जागाच शिल्लक नसते.

सगळं आवरल्यावर रात्री बसू, असं म्हणत मी पंधरा वर्षं हेच तर करत आले होते. पूर्ण कागद आधी रंगवून टाकायचा आणि मग उजेड शोधायचा. आपल्या दिवसातलं पांढरंही आधीच राखावं लागतं, बायांनो. सव्वा तासाचं का होईना, पण आधी. मग चोहोबाजूंनी कामांचे रंग कितीही गडद येऊ देत. उलट त्यांच्यामुळंच ते उठून दिसतं.

लेक एलिमेंटरी पास झाली, 'बी' ग्रेडमध्ये. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं काढलेला तांब्या मी जपून ठेवला आहे. एक गाल अजून फुगलेलाच आहे, आणि मी त्याला हात लावलेला नाही. सासूबाईंचा रुमाल परवा ट्रंकेतून बाहेर निघाला. दोरे कुजलेत, नवे आणायचेत. चष्म्याचा नंबर वाढलाय, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचंय. मंगळवार-शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी चालेल, असं त्यांनीच मला सांगितलंय.

आज शुक्रवार. अडीच वाजत आले. बाजारातून पाव किलो वांगी आणली आहेत, त्यांतली चार मोठी संध्याकाळच्या भाजीला बाजूला काढून ठेवलीत आणि दोन लहान माझी. पुढच्या वेळी भेटू तेव्हा पावसाळ्यात कडधान्यं कशी टिकवायची ते सांगीन. तोवर तुमच्या माळ्यावर काय पडलंय, ते एकदा स्टूल घेऊन बघून घ्या.